शांत पॉइंट ब्रेक: मधल्या टप्प्यावरच्या सर्फरने जावं का?

झुळूक

नमस्कार मंडळी,

सर्फिंगचे धागे एकतर अगदी नवख्यांसाठी असतात, नाहीतर राक्षसी लाटांचे व्हिडिओ टाकायला. मधल्यांचं कुणी बोलत नाही. मधले म्हणजे ज्यांना न फुटलेली लाट स्वतःची स्वतः पकडता येते, उभं राहता येतं, एका बाजूला वळून थोडं अंतर कापता येतं, आणि मग तिथेच गाडी अडते. वाळूच्या किनाऱ्यावर लाट आज इथे फुटते, उद्या तिथे. उभं राहून बोर्ड वळवेपर्यंत समोरची अख्खी भिंत एकदम कोसळते आणि आपण फेसात.

माझं मत असं झालंय की इथून पुढे सरकायचं तर पॉइंट ब्रेकच हवा. भूशिराला वळसा घालून येणारी लाट ठरलेल्या जागी फुटायला लागते आणि एका दिशेने उलगडत जाते. पुढे काय होणार ते दिसतं, त्यामुळे विचार करायला सवड मिळते. आणि तो पॉइंट शांत असेल तर मधल्या माणसाच्या वाट्याला लाटा तरी येतात. नावाजलेल्या पॉइंटवर सगळ्या लाटा वरच्या टोकाला बसलेले तरबेज लोक नेतात.

तर विचारायचंय हे की शांत पॉइंटवर जाताना काय बघावं? आत कसं उतरावं? आणि "आपली तेवढी तयारी झालीय" हे कशावरून ओळखावं?

दर्यादिल

झुळूकताई, शंभर टक्के सहमत. सर्फिंग शिकायला लागतो तो लाटेवर उभं राहून काढलेला वेळ, आणि तोच सगळ्यात दुर्मिळ. वाळूच्या किनाऱ्यावर एका लाटेवर चार-पाच सेकंद मिळाले तरी खूप. त्यात खालचं वळण घ्यायचं, वर जायचं, परत खाली यायचं, सगळंच अर्धवट राहतं. बऱ्या पॉइंटवर अर्धा मिनिट मिळतो. तेच वळण त्याच लाटेवर तीनदा घेता येतं; पहिल्यांदा वजन मागे राहिलं हे कळलं की लगेच दुसऱ्यांदा पुढे टाकून बघता येतं. दुसऱ्या लाटेची वाट बघेपर्यंत अंगातली ती जाणीव निघून जाते, इथे ती ताजी असते.

आणि कटबॅक, म्हणजे मागे फेसाकडे घेतलेलं उलट वळण, तर पॉइंटवरच शिकावा. लाटेच्या उताराकडे फार पुढे गेलात की वेग मरतो, मग परत फेसाकडे वळावंच लागतं. लाटच शिकवते.

कातळ

मी थोडा वेगळा सूर लावतो. पॉइंट शांत का आहे, हा पहिला प्रश्न. लाट चांगली असून माणसं नाहीत, याला कारण असतंच. कधी लांब चालावं लागतं म्हणून. ते उत्तम कारण. कधी वर्षातले मोजकेच दिवस ती जागा चालते म्हणून. कधी आत उतरायची जागा वाईट म्हणून. आणि कधी लाट दिसायला गोंडस, पण मधोमध एक खडक असा की भरती ओसरली की वर येतो. पहिल्या दोन कारणांसाठी जरूर जा. उरलेल्या दोन असतील तर मधल्या माणसाचं तिथे काम नाही, निदान एकट्याने तरी नाही.

गर्दीचा वैताग मलाही आहे. पण गर्दी म्हणजे अडचणीत आपल्याकडे बघणारे डोळेसुद्धा. शांत जागी बोर्ड डोक्यात बसला तर बाहेर ओढणारं कुणी नसतं.

ओली_वाळू

कातळ +1. "शांत का आहे" हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

उलटा_पाय

माझ्यासारख्या उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांची बाजू कोण मांडणार? मलिबू, रिंकन, जेफ्रीज बे, नूसा, जिकडे बघावं तिकडे नावाजलेले पॉइंट उजवीकडे जाणारे. आम्ही जन्मभर लाटेकडे पाठ करून सर्फ करायचं? पेरूतलं चिकामा आणि न्यूझीलंडमधलं रॅगलान हे दोन डावे पॉइंट नसते तर आम्ही हा खेळ सोडून कॅरम खेळलो असतो. :)

दर्यादिल

@उलटा_पाय, हसलो, पण मुद्दा कामाचा आहे. मधल्या टप्प्यावर पहिला पॉइंट आपल्या छातीच्या बाजूने उलगडणारा निवडावा. डावा पाय पुढे असेल तर उजवीकडे जाणारा, उजवा पुढे असेल तर डावीकडे जाणारा. लाट डोळ्यांसमोर राहते. पाठीमागची बाजू नंतर जरूर शिका, कारण पाठीकडून खालचं वळण घेताना गुडघे वाकवल्याशिवाय आणि खांद्यावरून मागे बघितल्याशिवाय सुटका नसते, त्यामुळे पवित्रा आपोआप सुधारतो.

अनुस्वार

पॉइंटची लाट "सवड" देते म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत सांगतो.

उथळ पाण्यात लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो: खोली गुणिले गुरुत्वाकर्षण, त्याचं वर्गमूळ. दोन मीटर खोलीवर तो ताशी साधारण 16 किलोमीटर येतो. पण लाट किनाऱ्याकडे जाते त्यापेक्षा तिचा फुटण्याचा बिंदू आडवा जास्त वेगाने धावतो, आणि सर्फरला त्या बिंदूच्या पुढे राहायचं असतं. लाटेची कड आणि फुटण्याचा बिंदू ज्या रेषेवरून सरकतो ती रेषा यांच्यातला कोन 60 अंश असेल तर सर्फरला ताशी सुमारे 18 किलोमीटरचा वेग लागतो. 45 अंशाला सुमारे 23. 30 अंशाला 32. कोन शून्याकडे गेला की सगळी भिंत एकदम पडते, तिच्यापुढे कुणीच राहू शकत नाही. झुळूक यांना वाळूच्या किनाऱ्यावर भेटते ती हीच लाट.

भूशिराच्या कडेने तळ तिरका असतो आणि लाट त्याच्याभोवती वळत येते, म्हणून हा कोन मोठा राहतो. मधल्या माणसाने लाटेची उंची बघण्याआधी हा कोन बघावा. कमरेएवढी पण झरझर फुटत जाणारी लाट छातीएवढ्या संथ लाटेपेक्षा कितीतरी अवघड असते.

झुळूक

अनुस्वार, हे फार सुंदर समजावलंत! पण किनाऱ्यावर उभं राहून कोन कसा ओळखायचा?

अनुस्वार

कोन मोजू नका, फेसाची कड बघा. लाट फुटायला लागली की फेसाच्या पुढच्या टोकावर नजर ठेवा आणि तुमच्या चालण्याशी, पळण्याशी तुलना करा. ते टोक कुणी दमाने पळत असावं तशा वेगाने सरकत असेल तर ती लाट तुमची. सायकल जोरात हाणल्यासारखं सुटत असेल तर आज बघण्यात आनंद माना. मध्येच उडी मारून पुढे फुटत असेल, म्हणजे दहा-पंधरा मीटरचा तुकडा एकदम पडत असेल, तर तो तुकडा दरवेळी त्याच जागी पडतोय का ते बघा. तिथे खाली खडक किंवा वाळूचा उंचवटा असतो.

खारा_वारा

लाटांचा अंदाज वाचण्याबद्दल कुणी बोललंच नाही अजून. मधले लोक फक्त उंचीचा आकडा बघतात. पॉइंटसाठी एकामागोमाग येणाऱ्या दोन लाटांमधला वेळ, म्हणजे पीरियड, जास्त महत्त्वाचा. खोल समुद्रात 8 सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे 100 मीटर असते, 16 सेकंदांच्या लाटेची 400 मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ जाणवायला लागतो. म्हणजे 8 सेकंदवाली 50 मीटर खोलीपर्यंत सरळ येते, आणि 16 सेकंदवाली 200 मीटरपासूनच वळायला लागते. म्हणून वाऱ्याने जवळच उठवलेल्या आखूड लाटा भूशिराला वळसा न घालता पुढे निघून जातात, आणि दूरच्या वादळातून आलेल्या लांब लाटा पार आतल्या वाळूपर्यंत वळून येतात.

आणि सारख्याच उंचीला दुप्पट पीरियड म्हणजे लाटेत दुप्पट शक्ती. "एक मीटरच तर आहे" म्हणून उतरू नका, किती सेकंदांवर एक मीटर ते बघा. मधल्या माणसाला 10 ते 12 सेकंद छान.

वेळ म्हणाल तर पहाट. मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. ऊन चढून खारे वारे सुरू झाले की तोच पॉइंट ओबडधोबड होतो. भूशिराची आडोशाची बाजू मात्र कधीकधी दुपारपर्यंतही टिकते.

शंकेखोर

भरती-ओहोटीचं काय? कुणी म्हणतं भरतीला जा, कुणी ओहोटीला.

खारा_वारा

प्रत्येक पॉइंटची तऱ्हा वेगळी. साधारणपणे पूर्ण भरतीला लाट जाड आणि आळशी होते, पकडायला अवघड, आणि कातळावर आपटून परत येणारं पाणी सगळं ढवळतं. पूर्ण ओहोटीला लाट उभी आणि वेगवान होते, खडक जवळ येतात. अनोळखी जागी मधली वेळ पकडा, आणि पाणी चढत असताना. म्हणजे तुम्ही आत असताना खडक आणखी बुडतात, उघडे पडत नाहीत. पहिल्या खेपेला उधाणाचे दिवस टाळून भांगाचे निवडलेत तर पाण्याची पातळी फार बदलत नाही आणि जागा शांतपणे समजून घेता येते.

कातळ

झुळूक यांनी आत कसं उतरायचं विचारलंय, त्याला कुणी हात घातला नाही म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, खडकावरून उतरायलाच हवं असं नाही. बहुतेक पॉइंटच्या आतल्या टोकाला वाळू किंवा गोटे असतात. तिथून उतरून, फुटणाऱ्या लाटांपासून लांब, बाहेरच्या बाजूने वल्हवत वर जाता येतं. लांब पडतं, खांदे भरून येतात, पण मधल्या माणसाने पहिल्यांदा हेच करावं.

खडकावरून उतरायचंच असेल तर आधी जागा निवडा. हिरवा-काळा, चकचकीत ओला भाग म्हणजे शेवाळ, पाय सटकणार. खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या कवचाच्या जीवांनी खरखरीत झालेल्या भागावर पाय टिकतो, पण अनवाणी तळवा सोलवटतो. पातळ तळाचे रबरी बूट घाला. लीश, म्हणजे बोर्ड पायाला जोडणारी दोरी, आधीच घोट्याला बांधा, पण ती लोंबू देऊ नका. गुंडाळून बोर्डासोबत हातात धरा, नाहीतर ती खडकाच्या फटीत अडकते आणि पुढची लाट येईपर्यंत तुम्ही खुंट्याला बांधलेले. बोर्ड काखेत, बाजूला. तुमच्या आणि लाटेच्या मध्ये कधीच नाही.

मग थांबायचं. पूर्ण सेट, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट, जाऊ द्यायचा. शेवटच्या लाटेचं पाणी कातळावर चढून येतं, गुडघ्याशी पोचतं. ते चढत असतानाच बोर्ड पुढे टाकून पोटावर झोपायचं, म्हणजे ओसरणारं पाणी तुम्हाला स्वतःच बाहेर घेऊन जातं. ओसरायला लागल्यावर उडी मारलीत तर खाली उघडा खडक, आणि पहिला बळी बोर्डाखालच्या फिनचा. एकदा पाण्यात पडलात की मागे बघायचं नाही, दहा-बारा जोरकस हात मारून मोकळं व्हायचं.

पडताना सपाट पडा, डोकं हातांनी झाका, पाय खाली सोडून तळ चाचपू नका. फटींमध्ये सी अर्चिन बसलेले असतात आणि त्यांचे काटे आत मोडतात.

झुळूक

कातळदादा, डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. मनापासून धन्यवाद. आता बाहेर कसं यायचं तेही सांगा!

दर्यादिल

बाहेर यायला खडकांकडे जायचंच नाही. शेवटची लाट पकडून जितकं आत जाता येईल तितकं जायचं, वाळूवर उतरायचं आणि चालत वर यायचं. थकलेल्या अंगाने खडकावर चढणं हे उतरण्यापेक्षा धोक्याचं असतं.

आणखी एक, पॉइंटवर लाटांबरोबर एक आडवा प्रवाह वाहतो. नुसतं बसलात तर पाच मिनिटांत भलतीकडेच. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, जवळचं एक झाड आणि मागच्या डोंगराची खाच, असं काहीतरी. झाड खाचेपासून सरकलं म्हणजे तुम्ही सरकलात. पाण्यात बसल्या बसल्या दर थोड्या वेळाने मान वळवून बघायची सवय लागली पाहिजे.

पुनर्वसू

लीशचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लीश नवीन होती तेव्हा ती फार ताणली जायची. वेटसूटसाठी प्रसिद्ध असलेल्या जॅक ओ'नील यांचा एक डोळा याच काळात लीशने उसळून परत आलेल्या बोर्डामुळे गेला. आजच्या लीश युरेथेनच्या असतात, तेवढ्या ताणत नाहीत, पण उसळी संपूर्ण गेलेली नाही. म्हणून पडल्यावर वर येताना एक हात चेहऱ्यासमोर हवाच. शांत जागी तर लीश तुटली की पोहत परतणं तुमचं तुम्हालाच. निघण्याआधी घोट्याच्या पट्ट्याजवळ आणि बोर्डाच्या दोरीजवळ चीर गेलीय का ते बोटाने चाचपा.

ठिकाणे_सांगा

सगळं ठीक, पण जागेचं नाव टाका की! नकाशावरची खूण मिळाली तर आम्हीही येऊ.

ओली_वाळू

नको! नाव टाकलं की ती शांत राहणार नाही.

ठिकाणे_सांगा

समुद्र कुणाच्या मालकीचा आहे का? तुम्हाला सापडली, दुसऱ्याला का नको?

सागरगोटा

दोघांचंही ऐकलं. मालकीचा नाही हे खरं, आणि स्थानिक म्हणवून घेत इतरांना हाकलणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. पण सोबत येणाऱ्याला जागा दाखवणं वेगळं आणि हजारो अनोळखी लोकांपुढे खूण टाकणं वेगळं. पहिल्यात तुम्ही खडक कुठे आहे हेही सांगता. दुसऱ्यात नुसती खूण पोचते, खडकाची माहिती पोचत नाही. मी सोबत नेण्याच्या बाजूचा.

आणि लाट म्हणजे फक्त पाणी नव्हे, तळ आहे. तळ बदलला की लाट गेली. कॅलिफोर्नियात डाना पॉइंटला एक नावाजलेला पॉइंट ब्रेक होता, 1960 च्या दशकात बंदराचा बांध घातला आणि तो कायमचा संपला. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला उलटं झालं. ट्वीड नदीच्या मुखाशी साचणारी वाळू पंपाने पलीकडे टाकायचं काम 2001 पासून कायमचं सुरू झालं आणि स्नॅपर रॉक्सपासून पुढे सलग वाळूचा पट्टा तयार झाला, तोच सुपरबँक. पण त्याच वाळूने शेजारची किरा ही अप्रतिम लाट कित्येक वर्षं बुजवून टाकली. पेरूने मात्र 2000 मध्येच सर्फिंगच्या लाटांना संरक्षण देणारा कायदा केला. असं काम सगळीकडे व्हायला हवं, आणि त्यासाठी त्या लाटेवर प्रेम करणारी माणसं असावी लागतात. अगदी कुणालाच माहीत नसलेली लाट वाचवायला उभं कोण राहणार?

ठिकाणे_सांगा

हा मुद्दा पटला. खडकाची माहिती सोबत जात नाही हे लक्षात आलं नव्हतं.

शंकेखोर

तीन-चार माणसंच असतील तर रांगेचे नियम पाळायचे का?

दर्यादिल

तेव्हा तर जास्तच. फुटणाऱ्या टोकाच्या सर्वात जवळ जो, लाट त्याची. त्याच्या पुढे घुसायचं नाही. वल्हवत परत जाताना कुणी लाटेवरून येत असेल तर त्याच्या वाटेत न येता फेसाकडे वळायचं, भले तडाखा बसो. पण प्रत्येक वेळी वळसा घालून त्या टोकाच्या सर्वात जवळ जाऊन बसणं, हेही नियमात बसवून केलेली लबाडीच. एक लाट घेतलीत की पुढची दुसऱ्याला सोडा. पोचल्या पोचल्या नमस्कार करा, दोन शब्द बोला. खडक कुठे, कोणत्या पाण्याला लाट बिघडते, हे त्याच माणसाला ठाऊक असतं.

निळाई

बोर्डाबद्दल माझे दोन पैसे. मधल्या टप्प्यावर लोक घाईने आखूड बोर्डावर जातात आणि निम्म्या लाटा हुकतात. पॉइंटवर सात-साडेसात फुटांचा मिडलेंग्थ घ्या. लाट लवकर पकडली जाते, मंद भागातूनही बोर्ड पुढे सरकतो, आणि तरी वळतो. नऊ फुटी लाँगबोर्ड संथ पॉइंटवर स्वर्ग, पण खडकावरून उतरवताना जड.

आणि मूळ प्रश्नाकडे येते. एकच पॉइंट सगळीकडे सारखा नसतो! जेफ्रीज बेला सुपरट्यूब्स हा भाग भयंकर वेगवान, पण त्याच किनाऱ्यावर पुढे द पॉइंट नावाचा भाग बराच सौम्य. मलिबूला फर्स्ट पॉइंट संथ, म्हणून तिथे लाँगबोर्डवाले. मोरोक्कोत अँकर पॉइंट तरबेजांचा, तर इम्सुआनच्या उपसागरातली लाट आडोशाची, लांब आणि मऊ. म्हणजे मधल्या माणसाने टोकाला जाऊन बसायची गरजच नाही. आतल्या भागात बसा. लाट लहान, वेग कमी, वाळू जवळ. वरून सुटलेल्या, कुणी न घेतलेल्या लाटा तुमच्याच.

झुळूक

निळाई, हेच हवं होतं. मी आतापर्यंत पॉइंट म्हणजे टोक एवढंच धरून चालले होते. आता तयारी झाली की नाही, ते कसं ठरवू? कातळदादा, तुमचं मत सांगा. तुम्ही सर्वात साशंक आहात.

कातळ

साशंक आहे म्हणूनच सांगतो. माझ्या चार अटी. लीश नसती तरी बसल्या जागेपासून वाळूपर्यंत पोहत येता येईल का? समोर लाट फुटत असताना बोर्ड हातातून न सोडता खालून निघता येतं का, किंवा निदान बोर्ड धरून ठेवता येतो का? नको असलेली लाट ऐनवेळी सोडता येते का? आणि ठरवलेल्या बाजूला वळता येतं का, कारण चुकीच्या बाजूला वळलात तर समोर खडकच?

चारही उत्तरं "हो" असतील तर तुमची तयारी आहे. कटबॅक येत नसेल तर काही बिघडत नाही, तो तिथे शिका.

बाकी एकट्याने जाऊ नका, यावर मी ठाम आहे. सोबतचा सर्फर नसेल तर निदान किनाऱ्यावर एक माणूस बसवा, ज्याला तुम्ही किती वाजता बाहेर येणार ते ठाऊक आहे आणि ज्याच्या हातात फोन आहे. फोनला तिथे रेंज येते का तेही आधी बघा. आणि उतरण्याआधी किमान अर्धा तास नुसतं बघत बसा. लांब पीरियडच्या दिवशी दोन सेटमध्ये पंधरा-वीस मिनिटंही जातात. पाच मिनिटं बघून "लहान आहे" म्हणत उतरलेल्या माणसाला मोठा सेट पाण्यातच भेटतो.

झुळूक

तीन अटींना "हो", बोर्ड धरून ठेवण्याला "कधी कधी". म्हणजे आधी तेवढं पक्कं करते, वाळूच्या किनाऱ्यावरच. बहीण किनाऱ्यावर बसायला तयार आहे, रेंज बघून ठेवते.

दर्यादिल

फेसात बोर्ड धरायचा सराव करताना कडा धरा, मधोमध नको. जोरात ओढला गेला तर बोटं वाचतात. आणि पहिल्या पॉइंटला मी येतो सोबत, व्यक्तिगत निरोप टाका.

उलटा_पाय

डावा पॉइंट असेल तर मलाही निरोप.